शेरिंगहॅमची पेठ

विलायतेच्या प्रवासवर्णनांत लंडनचा मनोरा, राजवाडा आणि म्यूझियम हीं ठरलेलींच असतात. आज आम्ही वाचकांस त्यांपैकीं कोठेंच नेणार नाहीं. इंग्लंडच्या पूर्व भागांत नॉर्फक नांवाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर शेरिंगहॅम हें सुमारें सात हजार वस्तीचें गांव आहे, आणि त्या गांवची पेठ दाखवावी एवढाच आमचा हेतु आहे. किराणा, भाजी, पाव, मासळी आणि खिळेमोळे विकणाऱ्या दुकानांची ही अगदीं साधी पेठ. परंतु तिच्या पायीं या गांवानें चौदा वर्षें असा कांहीं वाद घातला कीं, दूरदूरच्या वर्तमानपत्रांचे बातमीदार तेथें येऊन राहिले होते.

नॉर्विच शहराहून दोनचार डब्यांची एक गाडी उत्तरेस जाते. शेतांतून आणि ‘ब्रॉड्स’ नांवाच्या उथळ सरोवरांच्या प्रदेशांतून ती रमतगमत चालते, क्रोमर येथें तोंड फिरवून उलट दिशेनें निघते आणि तासाभरांत शेरिंगहॅमला पोंचते. तेथें तिचा प्रवास संपतो. सडकेपलीकडे दुसरें एक जुनें स्टेशन आहे. हौशी लोकांनीं जतन केलेली वाफेची गाडी तेथून होल्ट गांवाकडे सुमारें पांच मैल धांवते. कोळशाचा वास नाकांत शिरला आणि आम्हांला लहानपणचा आगगाडीचा प्रवास आठवला! दोन स्टेशनांच्या मधून समुद्राकडे जो अरुंद रस्ता उतरत जातो, तीच ही पेठ.

गांव मूळचें कोळ्यांचें. किनाऱ्यावर सांपडणाऱ्या गारगोट्या चुन्यांत बसवून बांधलेलीं त्यांचीं घरें अजून आहेत, आणि खेकडे व शेवंडें धरणाऱ्या कांहीं नावाही आहेत. येथें जन्मलेल्या माणसास ‘शॅनक’ म्हणतात, आणि हें बिरुद बाहेरून आलेल्यास कितीही वर्षें राहिला तरी मिळत नाहीं, असें आम्हांला एका गृहस्थानें मोठ्या अभिमानानें सांगितलें. (आपल्याकडे तीन पिढ्या पुण्यांत काढूनही ‘मूळचे कोठले?’ हा प्रश्न सुटत नाहीं, त्याची आम्हांला आठवण झाली.) १८८७ सालीं रेल्वे आली आणि कोळीवाड्याचें हवा खाण्याचें गांव झालें. जवळच हंफ्री रेप्टन या नामांकित उद्यानकारानें १८१२ सालीं आंखलेलें विस्तीर्ण उपवन आहे. वसंताच्या अखेरीस तें पाहण्यास लोकांची रीघ लागते. परंतु आपण पेठेंत आलों आहों, तेव्हां उपवनाचें वर्णन आवरतें घेतों.

मासळीच्या दुकानांपुढून आम्ही अंमळ वेगानेंच गेलों. भाजीच्या दुकानांत मात्र बराच वेळ थांबलों. आम्ही पेअर नांवाचीं फळें मागितलीं तेव्हां दुकानदारानें हात न लावतां प्रथम विचारलें, ‘आज खावयाचीं कीं परवां?’ आमच्याकडचा आंबेवाला तरी याहून वेगळें काय विचारतो? मग त्यानें चार फळें देंठाकडून दाबून पाहिलीं, कागदी पिशवींत घातलीं आणि पिशवीचीं दोन टोकें धरून तिला अशी कांहीं गिरकी दिली कीं, तोंड आपोआप बंद झालें. लोखंडी सामानाच्या दुकानांत एक म्हातारे गृहस्थ दाराच्या बिजागरीचा एकच स्क्रू घेण्यास आले होते. जुना स्क्रू त्यांनीं रुमालांत बांधून आणला होता. दुकानदारानें दोनतीन खण उघडून त्याचा जोडीदार शोधून काढला, नाममात्र पेन्स घेतले आणि बिजागरी पुन्हां निखळूं नये म्हणून काय करावें तेंही सांगितलें. एवढ्या वेळांत दुकानाला काय सुटलें असेल, याचा हिशेब आम्ही मनांत करूं लागलों आणि सोडून दिला.

आतां या पेठेवर ज्याची छाया पडली त्या दुकानाचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. टेस्को या कंपनीचा जनक जॅक कोहेन हा पोलंडहून आलेल्या ज्यू शिंप्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धांत विमानदळांत नोकरी करून तो परत आला, आणि सुटतेवेळीं मिळालेल्या तीस पौंडांवर त्यानें १९१९ सालीं लंडनच्या हॅकने भागांत, बाजारांतल्या एका गाड्यावर, सैन्याचे उरलेले डबे विकण्यास सुरुवात केली. १९२४ सालीं त्यानें स्टॉकवेल नांवाच्या व्यापाऱ्याकडून चहा घेतला. त्या व्यापाऱ्याचीं आद्याक्षरें आणि आपल्या आडनांवाचीं पहिलीं दोन अक्षरें जोडून ‘टेस्को’ हें नांव तयार झालें. ‘ढीग उंच लावा, दर खालीं ठेवा’ हा त्याचा मंत्र. १९६९ सालीं त्याला सरदारकीचा किताब मिळाला आणि १९७९ सालीं तो वारला. म्हणजे आज ज्या नांवानें लहान दुकानदार दचकतो, तें नांव मुळांत एका हातगाडीवाल्याचें आहे, हें विसरून चालणार नाहीं.

हातगाडीचें साम्राज्य कसें झालें, याचें उत्तर कोहेनच्या हुषारींत जितकें आहे तितकेंच कायद्यांत आहे. पूर्वीं इंग्लंडांत मालाची किरकोळ किंमत माल बनविणारा ठरवीत असे. कोपऱ्यावरच्या वाण्याला आणि शंभर दुकानांच्या धन्याला ती सारखीच बंधनकारक होती. त्यामुळें गिऱ्हाईक जें दुकान निवडी तें जवळीक पाहून, दुकानदाराचा स्वभाव पाहून आणि मालाची निगा पाहून. १९६४ सालीं पार्लमेंटनें कायदा करून ही पद्धत मोडली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें हें चांगलेंच झालें, स्वस्ताई आली. परंतु त्या दिवसापासून घाऊक खरेदी ज्याची मोठी त्याचा दर कमी आणि ज्याचा दर कमी त्याची खरेदी आणखी मोठी, असें चक्र सुरू झालें. त्यांत १९५० सालापासून सेन्सबरीसारख्या जुन्या पेढ्यांनींही गिऱ्हाइकानें स्वतःच माल उचलावा ही अमेरिकन रीत उचलली होती. नोकरांचा खर्च वांचला. घरोघर मोटारी आणि शीतकपाटें आलीं, आणि आठवड्याची खरेदी एका खेपेंत होऊं लागली. मग गांवाबाहेर मोटारींसाठीं मोठें पटांगण असलेलीं अवाढव्य दुकानें उभीं राहिलीं.

हीं दुकानें सगळाच माल स्वस्त देतात असें मात्र नाहीं. गृहिणीच्या तोंडीं ज्यांचे भाव पाठ असतात असे दहावीस जिन्नस, म्हणजे पाव, दूध, साखर, शिजविलेल्या घेवड्याचे डबे, हे प्रसंगीं खरेदीच्याही खालीं विकावयाचे आणि बाकीच्या हजारों जिनसांवर तूट भरून काढावयाची, हें त्यांचें तंत्र आहे. १९९० नंतरच्या दशकांत घेवड्याच्या डब्यांची अशी कांहीं चढाओढ लागली कीं, रिकाम्या डब्यालाही अधिक किंमत पडावी! पाववाल्यापाशीं पावाखेरीज विकण्यास दुसरें कांहीं नसतें. त्यानें तूट कशांतून भरून काढावी? दुसरें तंत्र माल पुरविणाऱ्यांवर चालविलेलें. एकाच गिऱ्हाइकावर ज्याचा सगळा मळा अवलंबून, तो शेतकरी पैसे उशिरां मिळाले तरी तोंड उघडीत नाहीं. स्पर्धेची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानें २००८ सालीं या प्रकारांवर सविस्तर अहवाल दिला. २०१० सालीं खरेदीविषयींचे नियम अमलांत आले. २०१३ सालीं त्यांसाठीं स्वतंत्र पंच नेमण्याचा कायदा झाला. त्या पंचानें २०१६ सालीं, टेस्कोनें पुरवठेदारांचे पैसे अडकवून ठेवून नियमभंग केला, असा स्पष्ट निर्णय दिला. तथापि दंड करण्याचा अधिकार पंचाला मागाहून मिळालेला असल्यामुळें या प्रकरणीं दंड झाला नाहीं. साहेबाचा न्याय पुष्कळ वेळां असा शिस्तीनें उशिरां येतो.

आतां शेरिंगहॅमचें प्रकरण. १९९६ सालीं टेस्कोनें या गांवीं दुकान काढण्याचा मनसुबा प्रथम पुढें केला. जागा स्टेशनाजवळ, क्रोमरच्या रस्त्यावर होती; परंतु ती मोकळी करण्यासाठीं कांहीं राहतीं घरें, अग्निशामक ठाणें आणि लोकांचें सभागृह पाडून दुसरीकडे बांधावें लागणार होतें. दुकानदारांनीं विरोध केला, आणि त्यांच्या पाठीशीं गांवांतले पुष्कळ लोक उभे राहिले. अर्ज झाले, फेटाळले गेले, पुन्हां झाले. मध्यंतरीं अशी गोष्ट उघडकीस आली कीं, जिल्हा मंडळानें २००३ सालींच कंपनीशीं जमिनीविषयीं एक गुप्त करार केला होता आणि त्यानें मंडळाचे हात बांधले गेले होते. ज्यांनीं न्याय करावयाचा तेच एका पक्षाशीं आधीं करार करून बसलेले! लोक खवळले ते दुकानापेक्षांही या लपवाछपवीमुळें, असें आम्हांला दोघांतिघांनीं सांगितलें, आणि तें खरें वाटतें. २००८ सालीं जाहीर चौकशी झाली आणि सरकारी निरीक्षकानें कंपनीविरुद्ध निकाल दिला.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. परंतु कंपनीनें दुकानाचा आकार कमी करून नवा अर्ज केला, आणि त्याच सुमारास एका स्थानिक जमीनदारानें पर्यायी योजना मांडली. गांवाच्या कडेला, छपरावर हिरवळ असलेलें, ऊर्जा वांचविणारें दुकान. शेजारीं पाककलेचें विद्यालय आणि लोकांना भाजी लावण्यासाठीं वाफे. दुकान चालविण्यास वेट्रोज ही पेढी यावयाची होती. या पेढीची मालकी तींत काम करणाऱ्या नोकरांकडेच असते. जिल्हा मंडळानें मार्च २०१० मध्यें या योजनेच्या बाजूनें मत दिलें. लगेच त्या निर्णयाच्या कायदेशीरपणाबद्दल हरकती निघाल्या, पुन्हां मतदान झालें, आणि ऑक्टोबर २०१० मध्यें त्याच मंडळानें टेस्कोस मंजुरी दिली! २०१३ सालीं दुकान उघडलें.

विरोध करणारे सगळे शहाणे आणि दुकान मागणारे सगळे मूर्ख, असें चित्र काढण्याचा मोह अशा वेळीं होतो. आम्ही ज्या घरीं उतरलों होतों तेथल्या बाईंनीं तो मोह आमच्यापुरता तरी दूर केला. बाई सत्तरीच्या पलीकडच्या, विधवा, पेन्शनवर राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘पेठ राखा म्हणणाऱ्यांच्या दारांत मोटारी होत्या. ते स्वतः आठवड्याला क्रोमरच्या मोठ्या दुकानांत जात आणि शनिवारीं पेठेंत येऊन दोन पाव व चीजचा तुकडा घेत. मला मात्र बसनें चार मैल जाऊन पिशव्या उचलून आणाव्या लागत.’ यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. ज्याला महिनाअखेरीस चार पौंड वांचतात किंवा वांचत नाहींत यावर घर गरम ठेवावें कीं नाहीं हें ठरवावें लागतें, त्याला पेठेच्या शोभेचा उपदेश करणें सोपें नाहीं. शिवाय लहान दुकानदार म्हणजे सत्याचा पुतळा, असेंही इतिहास सांगत नाहीं. रॉचडेल गांवच्या विणकरांनीं १८४४ सालीं टोड लेन या गल्लींत आपलें सहकारी दुकान उघडलें तें कां? तर त्या काळच्या दुकानदारांच्या पिठांत भेसळ, मापांत खोट आणि उधारींत फांस होता म्हणून. लोणी, साखर, पीठ, ओटचें पीठ आणि मेणबत्त्या एवढ्याच जिनसांवर त्या दुकानाची सुरुवात झाली, आणि जगांतल्या सहकारी भांडारांचें मूळ म्हणून लोक आज तें घर पाहण्यास जातात.

असें असूनही आमचें मत बाईंच्या बाजूस पूर्णपणें झुकलें नाहीं, याचें कारण शेजारच्या सफक परगण्यांत सांपडतें. तेथील सॅक्समंडम या गांवाजवळ टेस्कोचें दुकान व्हावयाचें ठरूं लागलें तेव्हां कॅरोलाइन क्रॅनब्रुक या बाईंनीं आरडाओरड न करतां एक काम केलें. १९९८ च्या सुमारास त्यांनीं त्या टापूंतल्या ८१ खाद्यपदार्थांच्या दुकानांत स्वतः जाऊन, तुमचा माल येतो कोठून, हें विचारलें. उत्तरांतून असें दिसलें कीं, त्या दुकानांना आसपासचे जवळजवळ तीनशें उत्पादक माल पुरवीत होते. कोणी मधाचे पोळे राखणारा, कोणी डुकराचें मांस खारविणारा, कोणी मुरंबे घालणारी बाई. यांतल्या पुष्कळांनीं आपला धंदा दहा बरण्यांपासून सुरू केला होता. दहा बरण्या ठेवून पाहण्याची हिंमत कोपऱ्यावरचा दुकानदार करूं शकतो. शेंकडों दुकानांची साखळी करूं शकत नाहीं, कारण तिला दहा हजार बरण्या पाहिजेत, त्याही एकाच मापाच्या आणि ठरल्या दिवशीं ठरल्या कोठारांत. म्हणजे पेठ मोडली तर पेठेबरोबर तिच्यामागचें रान, गोठा आणि चूलही मोडते. त्या वेळीं टेस्कोचा अर्ज फेटाळला गेला. पुढें २००६ सालीं पुन्हां पाहणी झाली तेव्हां स्थानिक पुरवठेदारांची संख्या वाढलेली आढळली. मोठीं दुकानें सॅक्समंडमला अखेर आलींच. परंतु मधल्या वर्षांत या लहान उद्योगांना मूळ धरण्यास अवधि मिळाला.

पैशाचें पाणी कसें मुरतें याचाही एक हिशेब तिकडे झाला आहे. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या संस्थेनें कॉर्नवॉल परगण्यांत असा अभ्यास केला कीं, भाजीच्या टोपल्या घरपोंच देणाऱ्या एका स्थानिक मळ्यावर दहा पौंड खर्च केले तर हातोहात फिरून त्या टापूला ते पंचवीस पौंडांइतके उपयोगीं पडतात. तेच सुपरमार्केटांत खर्च केले तर चौदांइतके. मळेवाला आपल्या गांवच्या सुताराला काम देतो आणि सुतार गांवच्या न्हाव्याकडे जातो, ही साधी गोष्ट आहे. आपल्याकडच्या बलुतेदारींत ती कोणास शिकवावी लागत नव्हती. याच संस्थेनें २००५ सालीं इंग्लंडांतल्या पेठा एकीसारखी दुसरी कशा होत चालल्या आहेत याची पाहणी केली आणि एक्झीटर शहराची पेठ सगळ्यांत अधिक सांचेबंद ठरविली. एक्झीटरवर थोडा अन्याय झाला असें आम्हांला वाटतें. १९४२ सालीं जर्मन विमानांनीं तें शहर जाळलें आणि जुनी पेठ त्यांतच गेली. जेथें बाँब पडला नव्हता तेथेंही पेठा तशाच झाल्या, हें अधिक विचार करण्यासारखें आहे.

शेरिंगहॅमचें नवें दुकान आम्हीं अर्थात् पाहिलें. स्वच्छ, उजेडाचें आणि उबदार. फडताळांच्या रांगांमधून हिंडतांना तूरडाळ, बासमती तांदूळ आणि आट्याच्या पिशव्या दिसल्या, आणि खरें सांगावयाचें तर, आनंदही झाला. पैसे घेण्यास माणसें थोडीं होतीं, पुष्कळशीं यंत्रेंच. एका यंत्रानें आमच्या पिशवीवर कसलासा आक्षेप घेतला तेव्हां एक मुलगी धांवत आली, कळ दाबली आणि कांहीं न बोलतां दुसऱ्या यंत्राकडे गेली. बोलण्यास तिला सवड नव्हती. आमच्या यजमानीणबाई येथें आठवड्यांतून दोनदां येतात. त्यांना जड पिशव्या न्याव्या लागत नाहींत, परंतु कोणी नांवानें हांक मारीत नाहीं, हेंही त्यांनींच, न विचारतां सांगितलें.

पेठ मेली आहे काय? नाहीं. आम्ही गेलों तेव्हां ती गजबजलेली होती. परंतु ती गजबज बाहेरगांवच्या लोकांची अधिक होती. आइसक्रीम, भेटीच्या वस्तू, शिंपल्यांचीं खेळणीं आणि कॉफी यांचीं दुकानें ठिकठिकाणीं दिसत होतीं. गांवाला समुद्र आहे, वाफेची गाडी आहे, म्हणून पेठेला दुसरें गिऱ्हाईक आहे. ज्या गांवाला हें कांहींच नाहीं, तेथें बंद दारांवर चिकटविलेल्या जाहिराती तेवढ्या वाचावयास मिळतात. अशीं गांवें आम्हीं इंग्लंडच्या मध्य भागांत दोनतीन पाहिलीं.

या लढाईंत आपल्या देशच्या लोकांनींही एक पथक लढविलें आहे. १९७२ च्या ऑगस्टांत इदी अमीन यानें युगांडांतल्या हिंदी लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास सांगितलें. त्यांपैकीं सत्तावीस हजारांहून अधिक लोक इंग्लंडांत आले. त्यांत गुजराती फार. ‘येथें येऊं नका’ अशी जाहिरात लेस्टर शहराच्या मंडळानें युगांडाच्या वर्तमानपत्रांत दिली होती, तरी पुष्कळजण लेस्टरलाच गेले, आणि आज तेंच शहर तेथील दिवाळीच्या रोषणाईबद्दल मिरवतें! या मंडळींपैकीं अनेकांनीं इंग्रज दुकानदार कंटाळून सोडून देत होते तीं कोपऱ्यावरचीं दुकानें घेतलीं आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघडीं ठेवलीं. दुकान खालीं, बिऱ्हाड वर. गल्ल्यावर आई, हिशेबाला मुलगी, मालाला बाप. एकत्र कुटुंब हेंच त्यांचें भांडवल होतें. १९९४ सालीं रविवारच्या व्यापाराचा कायदा झाला; त्यानें सुमारें तीन हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानास रविवारीं सहाच तास उघडण्याची मुभा ठेवली आणि लहान दुकानास बंधन ठेवलें नाहीं. या एका कलमावर कित्येक पटेलांचीं घरें उभीं राहिलीं. तेव्हां मोठ्या कंपन्यांनींच लहान दुकानें काढलीं. कोपरेही त्यांनीं व्यापले. परंतु पटेलांचीं दुकानें पुष्कळ ठिकाणीं बंद पडत आहेत तीं केवळ त्यामुळें नव्हे. गल्ल्यामागें बसून अभ्यास केलेलीं मुलें डॉक्टर व हिशेबतपासनीस झालीं, आणि सोळा तास उभें राहण्यास आतां कोणी तयार नाहीं. लेस्टरच्या एका वृद्ध दुकानदारानें हें आम्हांला सांगितलें तेव्हां त्याच्या बोलण्यांत दुःख अधिक होतें कीं अभिमान, तें आम्हांला नीट उमगलें नाहीं.

आणखी एक गंमत. ज्या टेस्कोला शेरिंगहॅमनें चौदा वर्षें दारांत ताटकळत ठेवलें, तिलाही आपल्या घरांत चोर शिरल्यासारखें झालें आहे. आल्डी ही जर्मन पेढी १९९० सालीं आणि लिड्ल १९९४ सालीं इंग्लंडांत आली. थोडे जिनस, साधीं फडताळें, खोक्यांतून न काढलेला माल आणि आणखी कमी दर. २०२२ सालीं आल्डीनें मॉरिसन्स या जुन्या पेढीस मागें टाकून चौथा क्रमांक घेतला. कोहेनचा मंत्र आतां दुसरेच जपत आहेत.

खेड्यांतून मात्र वेगळी तऱ्हा पाहण्यास मिळते. शेवटचें दुकान बंद झालें कीं गांवकरी दहादहा पौंडांचे भाग काढून तें स्वतः विकत घेतात आणि आळीपाळीनें गल्ल्यावर बसतात. सेवानिवृत्त हेडमास्तर बटाटे तोलीत आहेत, असें दृश्य आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. वजन त्यांनीं दोनदां केलें. आयर्लंडांत सहकाराचा पाया घालणारे होरेस प्लंकेट यांच्या नांवानें १९१९ सालीं निघालेली संस्था अशा दुकानांना सल्ला देते, आणि देशांत आतां त्यांची संख्या तीनशेंच्या वर आहे. हीं दुकानें फारशी स्वस्त नसतात. तेथें भाव कमी व्हावा म्हणून कोणी जात नाहीं.

हें सगळें लांबचें, असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. सप्टेंबर २०१२ मध्यें आपल्या सरकारनें किरकोळ व्यापारांत परदेशी कंपन्यांना एकावन्न टक्क्यांपर्यंत भांडवल घालण्याची परवानगी दिली, तेव्हां देशभर दुकानदारांनीं बंद पाळला होता. २०१४ सालीं याच टेस्कोनें टाटांच्या ट्रेंट कंपनीशीं निम्म्या भागीचा करार केला. पुण्यामुंबईंत ज्या ‘स्टार बझार’मध्यें आपण जातों त्याच्यामागें हा करार आहे. देशी साखळ्या त्याच्या आधींपासूनच आहेत. डीमार्टचें पहिलें दुकान पवईस २००२ सालीं निघालें. आमच्याही घरीं सुना दर महिन्यास गाडी काढून तेथें जातात, आणि घरच्या कर्त्या बाई कोपऱ्यावरच्या वाण्याकडून गूळ, हिंग आणि पूजेचें साहित्य तेवढें आणवितात. गूळ चाखून घ्यावा लागतो, हें त्यांचें कारण. वाणी आतां दूरध्वनीवर यादी घेतो आणि नोकराबरोबर सामान पाठवितो. उधारीची वही अजून ठेवतो, परंतु तींत पानें भरण्यास पूर्वींपेक्षां फार वेळ लागतो, असें म्हणाला.

सुपरमार्केट आणि वाणी यांखेरीज तिसरी वाट आपल्याकडे अगदींच अपरिचित नाहीं. १९४८ सालीं मुंबईच्या नायगांवांत ‘अपना बाजार’ निघाला तो रॉचडेलच्याच धर्तीचा. १९७५ सालीं सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें तर दुकानच काढून टाकलें. शेजारपाजारचीं कुटुंबें मिळून एक संघ करतात, महिन्याच्या सामानाची मागणी आगाऊ नोंदवितात, घाऊक खरेदीचा माल ठरल्या दिवशीं एका सभासदाच्या घरीं येऊन पडतो, आणि मंडळी आपसांत वांटून घेतात. आमच्या भगिनीचें घर दादरला आहे. तिच्याकडे असा वांटप आम्हीं एकदां पाहिला. ओसरीवर तुरीची डाळ, साबण आणि शेंगदाणे यांचे ढीग, चारपांच बाया याद्या हातांत घेऊन बसलेल्या, मुलें पुडे मोजीत आहेत, आणि कोणाचा तरी रवा कमी भरल्यावरून पुन्हां सगळी मोजणी चालू झालेली. पदरचें भांडवल कोणाचें नाहीं, फडताळ नाहीं, जाहिरात नाहीं. पुढल्या महिन्यांत घरांत पाहुणे किती येणार हें मात्र आधीं ठरवावें लागतें, आणि तेवढी एकच अडचण तिनें आम्हांला सांगितली.